पणजोबा, आजोबा, चुलत आजोबा लढाईत होते: त्यांची लष्करी नोकरी शोधायची कशी, कुठल्या क्रमाने, आणि लोक नेमके कुठे चुकतात

वंशावळ करायला घेतली की घरोघरी एक नाव असं निघतंच, ज्याच्यापुढे कुणीतरी पेनाने लिहिलेलं असतं "मिलिटरीत होते" किंवा "बसऱ्याला गेले, परत आले नाहीत". आणि मग पुढची पिढी काय करते, तर मोबाईलवर नाव टाकते, त्याच नावाचा एक शिपाई सापडतो, आणि तोच आपला म्हणून वंशावळीत चिकटवून टाकते. हे मी इतक्यांदा बघितलंय की आता सगळं एकदा नीट लिहून काढतोय. मीसुद्धा हेच केलं होतं, दीड वर्ष एका भलत्याच माणसाला आमचे चुलत पणजोबा समजत होतो, तो निघाला दुसऱ्या तालुक्यातला.

हा लेख मुख्यतः महाराष्ट्रातल्या घरांसाठी आहे, म्हणजे पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश भारतीय सैन्यात असलेले आपले लोक. बहुतेक जण मराठा पलटणींत, पण सगळे नाही, त्याबद्दल पुढे येईलच.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा. नावाने शोधायचं नाही. आधी पलटण, मग नंबर, मग गाव, आणि नाव सगळ्यात शेवटी. क्रम उलटा केलात की चुकलातच.

१. घरातलं आधी, इंटरनेट नंतर

पहिले दोन-तीन आठवडे कॉम्प्युटर उघडूच नका. घरातली ट्रंक, देवघराचा खण, माळ्यावरची पत्र्याची पेटी, जुन्या फोटोंच्या फ्रेमच्या मागची बाजू, सगळं काढा. काय शोधायचं ते सांगतो.

डिस्चार्ज बुक किंवा डिस्चार्ज सर्टिफिकेट. हे मिळालं तर अर्धं काम झालं, कारण त्यात नंबर, हुद्दा, पलटण, भरतीची तारीख, सुटल्याची तारीख, बापाचं नाव, गाव, तालुका, कधीकधी अंगावरच्या खुणासुद्धा असतात.

पेन्शनचे कागद. पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) नंबर असलेला कुठलाही कपटा टाकू नका. पणजीला फॅमिली पेन्शन मिळत असेल तर तिच्या नावाचं बँकेचं किंवा पोस्टाचं जुनं पासबुकही बघा.

मेडल. पहिल्या महायुद्धाच्या मेडलच्या कडेवर (पुढे-मागे नाही, कडेवर, नाण्याला जिथे खाचा असतात तिथे) नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरात ठोकलेली असते. ताऱ्याच्या आकाराचं मेडल असेल तर ही माहिती मागच्या बाजूला असते. दुसऱ्या महायुद्धाची मेडलं बऱ्याचदा कोरी सापडतात, तरी कड भिंगाने बघाच. आणि कोरं असलं तरी ते कुठलं मेडल आहे यावरून माणूस कुठे लढला ते कळतं: आफ्रिका स्टार, इटली स्टार, बर्मा स्टार, पॅसिफिक स्टार, नाव ताऱ्यावरच असतं. नुसतं वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल असेल तर तो बहुतेक हिंदुस्थानातच होता, हेही उत्तरच आहे, त्यात कमीपणा काही नाही.

> थांबा: मेडल ब्रासोने किंवा चिंच लावून घासू नका. कडेवरची अक्षरं झिजली की तुमचा एकमेव पुरावा गेला. कोरड्या मऊ कपड्याने पुसा, तिरका उजेड पाडून फोटो काढा, बस.

ताटलीसारखी ब्राँझची जड चकती. ज्यावर एक बाई आणि सिंह आहे, आणि चौकटीत नुसतं नाव. कित्येक घरांत ही "बक्षीस मिळालेली थाळी" म्हणून ठेवलेली असते. ते बक्षीस नाही. पहिल्या महायुद्धात जो मेला त्याच्या घरच्यांना ही चकती द्यायचे. त्यावर हुद्दा नसतो, नंबर नसतो, पलटण नसते, पण माणूस युद्धाच्या काळात गेला हे त्यावरून पक्कं होतं. म्हणजे तुमचा शोध सरळ मृतांच्या याद्यांकडे वळतो.

पत्रं, पाकिटं, मनिऑर्डरच्या पावत्या. पत्रात काय लिहिलंय ते नंतर वाचा, आधी शिक्का बघा. फील्ड पोस्ट ऑफिसचा (म्हणजे सैन्याबरोबर फिरणाऱ्या पोस्टाचा) नंबर आणि तारीख दिसली तर ती लिहून घ्या, कारण ते पोस्ट ऑफिस त्या महिन्यात कुठे होतं हे टपाल इतिहासाच्या अभ्यासकांनी याद्या करून ठेवलंय. पत्रात सेन्सॉरमुळे गावाचं नाव नसतं, शिक्क्यावरून ते कळतं.

फोटो. टोपीवरचा बिल्ला, खांद्यावरची अक्षरं, बाहीवरच्या फिती, आणि मागे स्टुडिओचा शिक्का. बेळगावचा स्टुडिओ म्हणजे बहुतेक ट्रेनिंगच्या वेळचा फोटो. कैरोचा असेल तर तो आफ्रिकेच्या किंवा इटलीच्या वाटेवरचा.

२. म्हाताऱ्या माणसांना विचारणं, पण योग्य प्रश्न

"आजोबा लढाईत कुठे होते" असं विचारलं की उत्तर येतं "लई लांब". त्यापेक्षा बारीक विचारा. घरी कुठल्या गावाचं नाव सारखं घ्यायचे? खेचरं, तोफा, गाड्या, दवाखाना, स्वयंपाक, पूल बांधणं, यातलं काय बोलायचे? पेन्शन होती का, आणि ती आणायला कुठे जायचे? गावातला अजून कोण त्यांच्याबरोबर भरती झाला होता? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा, कारण गावची पोरं घोळक्याने एकाच पलटणीत जायची, आणि तुमच्या घरात कागद नसला तरी शेजारच्या भावकीत असू शकतो.

बोललेलं जसंच्या तसं लिहा, सुधारू नका. आमच्याकडे आजी "कुतल आमरा" म्हणायची, आम्हाला वाटायचं ती बाईचं नाव घेतेय. ते इराकमधलं कुत-अल-अमारा होतं. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ तिथे वेढा पडला होता, त्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. त्या दोन शब्दांनी आमचा शोध सहा मराठा पलटणींपैकी (यादी पुढे आहे) तीन पलटणींवर आला. तसंच कुणी "जावा" म्हणत असेल तर ते गप्पा मारत नव्हते, मराठ्यांच्या ४/५ आणि ६/५ (म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची चौथी आणि सहावी) बटालियन युद्ध संपल्यावर १९४५-४६ मध्ये खरंच जावाला होत्या.

> तपासा: पुढे जायच्या आधी एका कागदावर या सात गोष्टी लिहा: पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव-तालुका-तेव्हाचा जिल्हा, कुठलं महायुद्ध, पलटण किंवा खातं, नंबर, जिवंत परत आले की नाही. जे माहीत नाही तिथे प्रश्नचिन्ह करा. अंदाज लिहायचा असेल तर पेन्सिलने.

३. पलटण ओळखणं (इथेच सगळ्यात जास्त लोक घसरतात)

गडबड अशी आहे की पलटणींचे नंबर १९२२ मध्ये बदलले. पहिल्या महायुद्धात ज्या वेगवेगळ्या मराठा पलटणी होत्या त्या सगळ्या मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री नावाची एक रेजिमेंट झाली आणि जुन्या पलटणी तिच्या बटालियन झाल्या:

- १०३ झाली १/५ (हीच जंगी पलटण)
- १०५ झाली २/५ (काळी पाचवी)
- ११० झाली ३/५
- ११६ झाली ४/५
- ११७ झाली ५/५
- ११४ झाली १०/५, म्हणजे बेळगावची ट्रेनिंग बटालियन

म्हणून घरात "पाचवी मराठा" म्हणत असतील तर लगेच उडी मारू नका. पहिल्या युद्धातला माणूस असेल तर तो १०५ मधला असू शकतो. दुसऱ्या युद्धातला असेल तर "पाचवी" ही अख्खी रेजिमेंटच आहे, तुम्हाला तिरक्या रेघेच्या आधीचा आकडा हवाय. ३/५ चं आणखी वेगळं, ती बटालियन नंतर पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली, आजची २ पॅरा ती हीच. "आजोबा मराठ्यात होते का पॅरात" यावर भावाभावांत वाद झालेले बघितलेत, दोघंही बरोबर असू शकतात.

दुसऱ्या युद्धातलं ढोबळ चित्र असं: २/५ लिबियात टोब्रुकला होती, २१ जून १९४२ ला टोब्रुक पडलं तेव्हा कैद झाली. ३/५ एरिट्रियात केरेनला आणि मग इटलीत. १/५ इटलीत. ४/५ ब्रह्मदेशाच्या सीमेवर, १९४४ च्या सांगशाकच्या लढाईत. हे तुमच्या घरातल्या गोष्टीशी जुळवून बघा. आजोबा कैदेत होते आणि पाठीमागे वाळवंट होतं अशी आठवण असेल तर कुठे बघायचं ते कळलंच.

आता दुसरी चूक. मराठी माणूस म्हणजे मराठा पलटण, असं धरून चालू नका. खडकीचे बाँबे सॅपर्स अँड मायनर्स (सैन्यातले इंजिनियर) होते. १११ महार पलटण १९१७ ला उभी राहिली आणि १९२१ ला मोडली, नंतर महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली, म्हणजे मधल्या वीस वर्षांत कुणी "महार रेजिमेंटमध्ये होते" म्हणत असेल तर तारीख परत तपासा. तोफखाना होता, मेडिकल होतं, सप्लाय आणि ट्रान्सपोर्ट होतं, कोकणातले नेव्हीत होते. आणि खूप माणसं लेबर कोअरमध्ये, हमाल म्हणून, भिश्ती, आचारी म्हणून गेली. कागदात "फॉलोअर" असं दिसलं की वाईट वाटून घेऊ नका आणि मुख्य म्हणजे वंशावळीत त्याचं "शिपाई" करू नका. जे होतं ते लिहा, तोही माणूस तिथे गेलाच होता ना. पहिल्या युद्धाच्या कागदात "ड्रायव्हर" म्हणजे मोटारीचा नाही, बहुतेक वेळा खेचरांचा.

जहाजावरचे लोक (कोकणातले खलाशी, गोव्याचे तारवटी) हे तर लष्करातच नव्हते, व्यापारी जहाजांवर होते, त्यांचा शोध पलटणीत करून काही मिळणार नाही. त्यांचं सीडीसीचं (खलाशाच्या नोकरीच्या नोंदींचं) पुस्तक आणि जहाजाचं नाव शोधा. दुसऱ्या युद्धात जे समुद्रात मेले त्यांच्या नावांची नोंदवही मुंबईत खलाशांच्या वसतिगृहात ठेवलीय, तिची जोड प्रत चितगावला आहे.

४. नंबर आणि नावाच्या स्पेलिंगची तयारी

पहिल्या महायुद्धात नंबर पलटणीपुरता असायचा. म्हणजे समजा २३४५ हा नंबर १०३ मध्येही होता आणि ११० मध्येही, दोन वेगळी माणसं. नुसता नंबर मिळाला म्हणून नाचू नका, नंबर आणि पलटण ही जोडी हवी.

नावाचं काय व्हायचं, तर शिपाई सांगायचा मराठीत, लिहिणारा लिहायचा त्याच्या कानाने इंग्रजीत. आडनाव बरेचदा नसायचंच, नाव आणि बापाचं नाव, किंवा नाव आणि कूळ. म्हणून शोधायला बसायच्या आधी स्पेलिंगची यादी करा. पवारचं पोवार होतं, जाधवचं जाधाव किंवा जाधो, भोसलेचं भोंसला, शिंदेचं सिंदे, कदमचं कुद्दम, सावंतचं सावुंट. इंग्रजीत प्रत्येकाची चार-पाच रूपं लिहून काढा आणि एकेक करून शोधा. पहिलं नावसुद्धा: विठोबाचा विठू, विथू, विठ्ठल. रामा, रामजी, रामचंद्र एकच माणूस असू शकतो आणि नसूही शकतो.

गावाच्या नावाचीही तीच गत, आणि जिल्हा तर बदलतोच. तेव्हा सिंधुदुर्ग नव्हता, तो १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला. रायगड म्हणजे कुलाबा. आजचा सांगलीचा बराच भाग तेव्हा साताऱ्यात. कोल्हापूर, सावंतवाडी, फलटण, भोर, औंध, जत ही संस्थानं होती, तिथल्या माणसाच्या पुढे जिल्हा न लिहिता संस्थान लिहिलेलं असतं. मराठवाडा निजामाकडे. कणकवलीच्या माणसाला "सिंधुदुर्ग" टाकून शोधाल तर शून्य येईल आणि तुम्ही म्हणाल रेकॉर्डच नाही.

५. आता ऑनलाइन, पण आधी प्रश्न: परत आले की नाही?

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची (महायुद्धातल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) वेबसाइट सगळ्यांना माहीत असते, पण एक गोष्ट लोक विसरतात. तिथे फक्त मेलेल्यांची नावं आहेत. तुमचे आजोबा १९४६ ला घरी येऊन पुढे चाळीस वर्षं शेती करत होते तर ते तिथे नसणार. आणि तिथे त्याच नावाचा जो दिसतोय तो दुसरा कुणीतरी आहे, ज्याच्या घरचे लोकही कदाचित त्याला शोधतायत.

तारखांची चौकटही लक्षात ठेवा: पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. म्हणजे लढाई संपल्यावर आजाराने दवाखान्यात वारलेला माणूसही या चौकटीत येऊ शकतो.

जे परत आले नाहीत त्यांच्यासाठी शोधायची पद्धत:

साध्या शोधात नाव टाकू नका, ॲडव्हान्स्ड सर्च उघडा. सैन्य "इंडियन" निवडा, युद्ध निवडा, रेजिमेंट टाका. मग नावाच्या रकान्यात काहीही न टाकता "ॲडिशनल इन्फो" च्या रकान्यात गावाचं किंवा तालुक्याचं नाव टाका, वेगवेगळ्या स्पेलिंगने. बऱ्याच नोंदींत "अमुकचा मुलगा, तमुक गाव, सातारा" असं लिहिलेलं असतं. ही युक्ती मला कळली तेव्हा आमच्या गावची चार नावं एकदम समोर आली, आणि त्यातल्या तिघांबद्दल गावात कुणालाच काही माहीत नव्हतं. यादी डाउनलोडही करता येते, ती करा आणि निवांत गाळा.

मग नोंदीत स्मारकाचं नाव येईल. बसरा मेमोरियल म्हणजे मेसोपोटेमिया (आजचा इराक), तिथे ज्यांची कबर माहीत नाही अशा ४० हजारांहून जास्त लोकांची नोंद आहे. नव शापेल म्हणजे फ्रान्स. रंगून मेमोरियल म्हणजे ब्रह्मदेश. सिंगापूर मेमोरियल म्हणजे मलाया, आणि जपान्यांच्या कैदेत मेलेले बरेच जण. खडकीचं मेमोरियल दिसलं तर माणूस खडकीला वारला असं लगेच समजू नका, हिंदुस्थानात इतरत्र ज्यांच्या कबरी होत्या, ज्यांची आता देखभाल होऊ शकत नाही, अशांचीही नावं तिथे आहेत.

> थांबा: बसऱ्याच्या भिंतीवर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, पण साध्या शिपायांची नाही, पलटणीखाली नुसता आकडा दिला. नावं नोंदवहीत आहेत. म्हणून कुणी "भिंतीवर नाव नाही म्हणजे ते तिथले नाहीत" म्हणालं तर ऐकू नका. ही गोष्ट मला आजही लागते.

> थांबा: कुतच्या कैद्यांच्या मृत्यूच्या तारखा काटेकोर धरू नका. कैदेतल्या मृत्यूची बातमी उशिरा यायची किंवा यायचीच नाही, मग कागदावर मानीव तारीख पडायची. घरी श्राद्धाची तिथी वेगळी असेल तर दोन्ही लिहा, एक खोडू नका.

६. लढाईची डायरी आणि शौर्यपदकं

पलटण आणि साल पक्कं झालं की मगच हे. लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये पलटणींच्या वॉर डायऱ्या आहेत: पहिल्या युद्धाच्या डब्ल्यूओ ९५ या मालिकेत, दुसऱ्या युद्धाच्या मध्यपूर्वेसाठी डब्ल्यूओ १६९, इटलीसाठी १७०, ब्रह्मदेशासाठी १७२. पहिल्या युद्धाच्या बऱ्याच डायऱ्या स्कॅन झाल्यात, घरबसल्या मिळतात.

अपेक्षा मात्र जागेवर ठेवा. डायरीत शिपायाचं नाव जवळजवळ नसतं. "३ आय.ओ.आर. किल्ड" एवढंच, म्हणजे तीन हिंदी जवान गेले. पण तुमच्याकडे मृत्यूची तारीख असेल आणि त्या दिवशीच्या पानावर "पहाटे नदी ओलांडली" असं लिहिलं असेल, तर तो दिवस कसा गेला हे कळतं. सुभेदार, जमादार असतील तर नाव येण्याची शक्यता बरीच जास्त. (जमादार म्हणजे आजचा नायब सुभेदार, हुद्द्याचं नाव १९६५ ला बदललं.)

शौर्यपदक किंवा "डिस्पॅचमध्ये उल्लेख" (सेनापतीच्या अधिकृत अहवालात नाव येणं) असेल तर लंडन गॅझेट (ब्रिटिश सरकारचं राजपत्र) आणि त्याच आर्काइव्ह्जची डब्ल्यूओ ३७३ ही मालिका बघा, त्यात शिफारसपत्रच मिळतं, म्हणजे त्या दिवशी माणसाने नेमकं काय केलं ते. रिबनवर ब्राँझचं छोटं पान लावलेलं असेल तर तो उल्लेखच आहे, ते शोभेचं समजून काढून टाकू नका.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे पोर्टलही बघा, तिथे लष्करी खात्याच्या फायली आहेत. आझाद हिंद सेनेत गेलेल्यांसाठी तर तिथलेच कागद आणि स्वातंत्र्यसैनिक पेन्शनची फाईल हा मुख्य रस्ता, कारण अशा माणसाला मूळ पलटणीने काढून टाकलेलं असायचं.

७. रेकॉर्ड ऑफिसला अर्ज

साध्या शिपायाचे कागद लंडनला नसतात. तिथे मुख्यतः अधिकाऱ्यांचे आहेत. शिपायाचे कागद इथेच, त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगाव, बाँबे सॅपर्सचं खडकी, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागर, तोफखान्याचं नाशिक रोड, मेडिकलचं लखनौ, ग्रेनेडियर्सचं जबलपूर.

इथे सगळ्यात मोठी चूक होते. लोक लिहितात "माझ्या आजोबांची सर्व्हिस फाईल द्या", उत्तर येतं "नियमानुसार नष्ट केली", आणि विषय संपतो. तर नियम असा आहे की ज्याला पेन्शन नव्हती त्याचे नोकरीचे कागद २५ वर्षांनी नष्ट करतात. पण लाँग रोल नावाचं रजिस्टर कायम ठेवतात. त्यात नंबर, नाव, भरती आणि सुटल्याची तारीख, सुटण्याचं कारण अशी एका ओळीची नोंद असते. म्हणून अर्जात स्पष्ट लिहायचं: "सर्व्हिस डॉक्युमेंट्स नष्ट झाली असल्यास लाँग रोलमधल्या नोंदीचा उतारा द्यावा." मला हे कुणीतरी आधी सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं. पहिल्या अर्जावर मला दोन ओळींचा नकार आला होता, दुसऱ्या अर्जात फक्त हे वाक्य वाढवलं आणि उतारा आला.

दुसऱ्या महायुद्धातले हजारो जवान १९४५ ते ४७ मध्ये थोड्या नोकरीवर घरी पाठवले, त्यांना पेन्शन नव्हतीच. तेव्हा "पेन्शन नव्हती म्हणजे मिलिटरीत नव्हते" हे भावकीतलं वाक्य डोक्यातून काढा.

अर्जात काय हवं:
- सातही गोष्टी, पहिल्या कागदावरच्या, आणि स्पेलिंगची सगळी रूपं
- तुमचं नातं आणि त्याचा पुरावा (वारस दाखला, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, जे असेल ते)
- तुमच्या ओळखपत्राची प्रत
- नेमकं काय हवं: भरती-सुटकेची तारीख, बटालियन, कुठली मेडलं मंजूर झाली, लाँग रोलचा उतारा

आधी साधं पत्र पाठवा, स्पीड पोस्टने. माणसं मदत करतात. महिना-दीड महिना वाट बघून मग माहिती अधिकार, फी १० रुपये, ३० दिवसांत उत्तर. एका अर्जात एकाच माणसाचं विचारा. तीन भावांचं एकत्र विचारलं की तिघांचं अर्धवट येतं.

> तपासा: अर्ज टाकायच्या आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन या. दुसऱ्या महायुद्धातले जवान आणि त्यांच्या विधवा यांना राज्य सरकारची दरमहा मदत होती. आजीने ती घेतली असेल तर तिच्या फाईलला डिस्चार्ज सर्टिफिकेटची प्रत जोडलेली असणार, आणि ती घरातली हरवली तरी तिथे मिळू शकते.

८. गावातले कागद

हे लोक सोडूनच देतात. कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी असते, की या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके मेले. साताऱ्याच्या अपशिंग्याला तर गावाच्या नावालाच मिलिटरी जोडलंय. पाटीवर नावं बहुतेक नसतात, पण आकडा असतो, आणि तुमची यादी त्या आकड्याशी ताडून बघता येते. चुना मारून पाटी झाकली गेली असेल तर सरपंचांशी बोला.

शाळेचं जनरल रजिस्टर जन्मतारखेसाठी. भरतीच्या कागदावरचं वय खरं धरू नका, पोरं वय वाढवून सांगायची. गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंद, जुन्या मोडीत असेल तर मोडी वाचणारा गाठा. माजी सैनिक म्हणून सरकारी जमीन मिळाली असेल तर तिच्या फेरफारात तसं लिहिलेलं सापडतं, सातबाऱ्यावरून मागे मागे जा.

९. वंशावळीत घालताना

नाव सोडून निदान दोन गोष्टी जुळल्याशिवाय माणूस आपला म्हणायचा नाही. नंबर आणि पलटण, किंवा बापाचं नाव आणि गाव, अशी जोडी. एकच जुळली तर "बहुधा" लिहा आणि पेन्सिलनेच लिहा. प्रत्येक वाक्यापुढे ते कुठून कळलं ते टाका: आजीने सांगितलं, मेडलची कड, लाँग रोल. पुढे कुणाला चूक सापडली तर नेमकी कुठली वीट काढायची ते कळेल.

घरातली गोष्ट आणि कागद जुळले नाहीत तर गोष्ट फेकू नका. आमच्याकडे "लढाईत गेले" म्हणत होते, कागदावर आजाराने गेले निघालं. दोन्ही लिहिलं. मेसोपोटेमियात उन्हाने, कॉलऱ्याने, आमांशाने किती गेले, घरी कळवायला शब्द एकच होता.

सगळ्या कागदांचे स्कॅन करा, एक प्रत दुसऱ्या घरात ठेवा, एक पेनड्राइव्हवर. आणि डिस्चार्ज बुक कृपा करून लॅमिनेट करू नका. प्लास्टिकमध्ये शाई आणि कागद दोन्ही खराब होतात आणि ते परत काढता येत नाही. साध्या कापडी किंवा जाड कागदी पाकिटात, सपाट, कोरड्या जागी, ट्रंकेत सगळ्यात वर.